टेबल सांगायचं असतं

माझा नंबर सोळावा होता.

हे मी ज्या ज्या नातेवाइकाला कौतुकानं सांगायला गेले, त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. हसनाबादची थोरली मावशी तर म्हणाली, "असू दे माय, हिंमत न्हाई सोडायची. पुढच्या साली चांगला अभ्यास कर." आता बोला! आपल्याकडं नंबर म्हणजे पहिला, दुसरा, फार तर तिसरा. चौथ्यापासून पुढं सगळे नापास. मी सांगून थकले की मावशी, ही शाळा नाही, अख्ख्या देशात पूल खेळणाऱ्या बायकांची यादी आहे आणि त्या यादीत जालन्याची एकटी मी आहे. त्यावर ती म्हणते, "मंग जालन्यात तर पयली आली की! तेवढंच सांगत जाय ना लोकायला."

पूल काय असतं हे तिला सांगण्यात माझी एक अख्खी दिवाळी गेली. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, त्याला सहा पॉकेट, हातात लांब स्टिक. आम्ही खेळतो त्या प्रकारात नऊ रंगीत बॉल असतात आणि मारायला एक पांढरा. पांढऱ्यानं सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला आधी शिवायचं, आणि नऊ नंबरचा बॉल जो पॉकेटमध्ये घालेल त्याचा गेम. सात गेम आधी जिंकेल त्याचा सामना. बस्स, एवढंच आहे. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् जावईबापू काही म्हणत न्हाईत?"

जावईबापू काही म्हणत नाहीत. म्हणायचे ते माझे साहेब. मी बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते. पेरणीच्या आधी आमच्याकडं मान वर करायला फुरसत नसते, आणि रजा मागायला गेलं की साहेब किडनी मागितल्यासारखं तोंड करतात. पुलाची ही मालिका वर्षभर चालते. कधी पुण्यात, कधी इंदूरला, कधी हैदराबादला. जिथवर पोचलात तितके गुण, त्या गुणांवर नंबर. त्यातही खोच अशी की गेल्या वर्षीच्या स्पर्धेचे गुण यंदाची तीच स्पर्धा आली की गळून पडतात. म्हणजे नुसतं घरी बसलं तरी माणूस खाली घसरतो. पहिल्या सोळा जणींना थेट प्रवेश असतो. सतरावीपासून पुढच्यांनी आधी येऊन पात्रता फेरी खेळायची. येण्याजाण्यासकट तीन दिवसांची रजा पाच दिवसांची होते. साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, तीन दिवसांवर एक दिवस मिळणार नाही." म्हणून मला सोळावा नंबर पहिल्यासारखा प्यारा होता. तो गेला की माझं खेळणं संपल्यात जमा होतं.

आणि खेळणं संपलं तर माझ्याकडं माझं म्हणावं असं काय उरत होतं? ऑफिस कंपनीचं, घर सगळ्यांचं, स्वयंपाकघर सासूबाईंचं. पुलाच्या टेबलावर वाकले की तेवढा वेळ मी कुणाची काही नसायचे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण जिवाला माहीत होतं.

हे सगळं सुरू झालं मामांमुळं. माझे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. शहागडला हायवेवर त्यांचं टायरचं दुकान होतं. ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी मिसळलेलं. ते दुकान सोडून जालन्यात आले आणि एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी पुलाची तीन टेबलं मांडली. का मांडली ते देवाला ठाऊक. आईनं विचारलं तर म्हणाले, "ताई, टायर काळं असतंय, हे हिरवं हाये." मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिस सुटल्यावर नवऱ्याची वाट बघत तिथं बसायचे. एक दिवस मामा म्हणाले, "रिकामी बसून काय करून राह्यली? धर स्टिक."

दाराजवळच्या दोन टेबलांवर कॉलेजची पोरं असायची. म्हणून मामांनी मला पार आतलं, खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथवर कुणाची नजर पोचायची नाही. पण त्या टेबलात एक गोम होती. जिनिंगच्या काळात शेड धुतली की पाणी खिडकीखालच्या मोरीतून बाहेर जावं म्हणून तिथल्या फरशीला उतार दिलेला होता. त्यामुळं ते टेबल खिडकीकडं किंचित कललेलं होतं. डोळ्याला दिसायचं नाही. बॉल जोरात मारला तर कळायचंही नाही. पण हळू मारला, की जाता जाता खिडकीकडं ओढला जायचा. दोराला बांधलेल्या शेळीसारखा, नाइलाजानं.

मामांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्तीऐवजी त्यांनी एक रिवाज पाडला. हॉलमध्ये कुणी नवं माणूस आलं आणि खिडकीच्या टेबलावर उभं राहिलं, की समोरच्यानं खेळायच्या आधी त्याला टेबल सांगायचं. शब्दही ठरलेले: "टेबल सांगतो, पाहुणं. खिडकीकडं ओढतंय. हळू मारायचं तर बोटभर आतून मारा." हे सांगितल्याशिवाय पहिला बॉल मारायचा नाही. एकदा एका पोरानं परभणीच्या कुण्या नवख्याला न सांगता हरवलं आणि वर टाळ्या पिटल्या, तर मामांनी त्याच्या हातातली स्टिक काढून घेतली. "आपल्या हसनाबादच्या विहिरीची तिसरी पायरी हालती," मामा त्याला म्हणाले. "पाहुणा उतरला की वरून आपण वरडतो का न्हाई, पायरी हालती हो म्हणून? का त्याला पडू देतो आन् हासतो?" पोरगं खाली मान घालून उभं राहिलं. मामा आवाज चढवत नसत, पण त्यांना वाईट वाटलं की समोरच्याला जेवण जात नसे.

मी त्या टेबलावर शिकले, म्हणजे तिरकं टेबल माझ्या हातात मुरलं. बाहेर पहिल्यांदा स्पर्धेला गेले, तिथली टेबलं काचेसारखी सपाट, आणि माझा प्रत्येक हळू बॉल बोटभर आतून चाललेला! नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण जन्मभर ऐकली होती. माझं उलटं झालं. अंगण वाकडं होतं तोवर मला नाचता येत होतं. मग हळूहळू मी दोन हात कमावले. एक घरचा हात, एक बाहेरचा. गाडीत बसले की मनातल्या मनात हात बदलायचा, आणि जालन्याचं स्टेशन आलं की परत घरचा. नवरा चिडवायचा, "चपला बदलल्यासारखं करते ही."

तर गेल्या वर्षी त्या मालिकेवाल्यांच्या डोक्यात आलं की मोठ्या शहरांतच काय खेळायचं, लहान गावांतही जाऊ. महिलांचा गट लहान असतो, तीन टेबलांत भागतं. फिरत फिरत त्यांनी मामांचा हॉल पाहिला आणि वर्षातली शेवटची स्पर्धा आमच्या जालन्यात ठरली.

मामांचा आनंद काय सांगू! पोरीचं लग्न ठरल्यासारखं त्यांनी सगळं काढलं. भिंतींना रंग, नवे पंखे, बाहेर लिंबाखाली जेवणाचा मांडव. "सगळ्या देशातले मेहमान येऊन राह्यले आपल्या घरी," ज्याला त्याला हेच सांगत होते. मी मात्र मनात वेगळाच हिशोब मांडून बसले होते. वर्षभर माझं बरं चाललं नव्हतं. आता या शेवटच्या स्पर्धेआधी मागचे गुण गळणार आणि मी नेमकी काठावर येणार होते. दोन सामने हरलं की बाहेर, असा नियम. मला फक्त एक सामना जिंकायचा होता. एक जिंकले तर सोळावी राहणार, नाही तर सतरावी. आणि स्पर्धा कुठं? माझ्या घरी! त्यात माझे सामने लागले खिडकीच्या टेबलावर. मनात म्हटलं, देव आंधळा नाही.

त्या आठवड्यात ऑफिसात मरणाचं काम होतं, म्हणून मी हॉलकडं फिरकले नव्हते. थेट सामन्याच्या सकाळी गेले. टेबलावर नवं कापड, वर नवा दिवा. समोर नागपूरची एक खेळाडू, माझ्याच वयाची, शांत बाई. मी घरचा हात काढला, टेबल सांगायचं सोयीनं विसरले आणि खेळायला लागले.

आणि काय होतंय ते मला कळेचना. हळू मारलेला प्रत्येक बॉल बोटभर आतून जाऊन पॉकेटच्या ओठाला लागून परत यायचा. मला वाटलं नव्या कापडामुळं होत असेल. मग वाटलं घाबरले असेन. सात-दोन अशी हरले. नागपूरच्या बाईनं हात मिळवला, आणि मी तडक मामांकडं गेले.

मामा चहाच्या किटलीजवळ उभे होते. चेहरा उजळलेला. "कसं झालंय टेबल?" त्यांनीच विचारलं. "मिस्तरी बोलावल्ता रोलिंग मिलमधला. खिडकीकडच्या पायांखाली लोखंडाच्या पट्ट्या घातल्या. लेव्हल लावून बघितलं, बिलकुल बराबर! म्हटलं, मेहमानाला वाकडं टेबल कसं द्यायचं? आन् तुला बी बाहेर सरळ टेबलावर खेळायची सवय हाये. तुला सांगितलं न्हाई, म्हटलं बघून खूश व्हईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा!" मी ओरडलेच. "काय करून ठेवलं हे? मी घरचा हात घेऊन खेळून राह्यले ना! मला एका शब्दानं सांगायचं तरी! सगळ्या दुनियेला टेबल सांगता आन् मला सांगितलं न्हाई?"

मामांच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला. त्यांनी किटली खाली ठेवली. "अगं माय," एवढंच म्हणाले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी पाय आपटत बाहेर गेले.

लिंबाखाली जेवणाची पंगत बसली होती. नवऱ्यानं माझ्यासमोर ताट आणून ठेवलं. मी म्हटलं मला नको. तो म्हणाला, "बरं, नको," आणि माझ्या ताटातलं भजं उचलून खाल्लं. मग मला राग आला आणि भूकही लागली, म्हणून मी जेवले. जेवता जेवता डोकं थंड झालं. टेबल सपाट आहे ना? मग त्यात अवघड काय? मला सपाट टेबल येतं. बाहेरचा हात काढायचा, घरात पाहुण्यासारखं खेळायचं आणि एक सामना जिंकायचा. मनातल्या मनात मी चपला बदलल्या. मामा जेवायला आले नाहीत हे मी पाहिलं. म्हटलं, बसू दे थोडं रुसून. संध्याकाळी समजूत काढू.

दुपारी समोर आली ती पुण्याची एक मुलगी. कॉलेज नुकतंच संपलं असेल. तिचा नंबर माझ्यापेक्षा बराच वर होता, आणि सकाळी तीही एक सामना हरलेली होती. हात मिळवताना ती गोड हसून म्हणाली, "ऑल द बेस्ट, काकू." काकू! तिथंच मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

पहिला गेम तिनं घेतला. दुसऱ्यात मला संधी मिळाली. चार नंबरचा बॉल लांबच्या कोपऱ्यात, सोपा. बाहेरच्या हातानं, सरळ, हळू मारला. बॉल निघाला, आणि अर्ध्या वाटेवर खिडकीकडं ओढला गेला.

मी स्टिक धरून तशीच उभी राहिले. असं ओढलं जाणं मी झोपेतही ओळखलं असतं. खडू उचलायच्या निमित्तानं खाली वाकून बघितलं. खिडकीकडच्या पायाखाली फरशीवर ताजा ओरखडा होता, गाडीच्या जॅकची चौकोनी खूण होती, आणि पट्टी नव्हती.

सगळे जेवायला बाहेर होते तेव्हा मामा आत होते.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते पाण्याच्या जारजवळ भिंतीकडं तोंड करून ग्लास भरत होते. भरलेल्याच ग्लासात परत पाणी ओतत होते. ज्या माणसानं पाहुण्याशी दगा केला म्हणून पोराच्या हातातली स्टिक काढून घेतली, त्या माणसानं माझ्यासाठी जॅक लावून टेबल वाकडं केलं होतं. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली, दोन्ही एकदमच.

खोटं कशाला बोलू? तिसरी गोष्टही मनात आली. घरचा हात काढ. तुला माहीत आहे, हिला माहीत नाही. सहज जिंकशील. सोळावा नंबर, पुण्या-इंदूरच्या गाड्या, टेबलावर वाकल्यावर मिळणारा तो माझा एकटीचा वेळ, सगळं राहील. कुणाला कळणारही नाही.

तोवर मुलीची पाळी आली होती. एकेक बॉल सफाईनं घालत ती नऊ नंबरवर पोचली. नऊचा बॉल पॉकेटच्या अगदी तोंडावर नव्हता, पण सोपा होता, आंधळ्यानं घालावा असा. तिनं हळू मारला. बॉल खिडकीकडं सरकला आणि बाहेरच राहिला. आधी तिनं बॉलकडं बघितलं. मग स्टिकचं टोक बघितलं. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलावर तिला शंका आलीच नाही. तिला वाटलं आपला हात गेला. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी अशीच हाताकडं बघत उभी होते, आणि मला काय झालंय हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

नऊचा बॉल माझ्यासमोर होता. तो मी घातला. एक-एक झालं. मग मी स्टिक टेबलाला टेकवली.

"टेबल सांगते, पाहुणे," मी म्हणाले. दुसरे शब्द मला सुचलेच नाहीत, तोंडात बसलेले तेच आले. "खिडकीकडं ओढतंय. हळू मारायचं तर बोटभर आतून मार."

मागं ग्लास खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही.

मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. "म्हणजे टेबल तिरकं आहे?"

"आहे. पंचांना सांगायचं तर सांग. तुझा हक्क आहे." हे म्हणताना मला पुढचं सगळं दिसत होतं. पंच आले असते, लेव्हल लागली असती, ओरखडा दिसला असता, आणि भरल्या घरात मामांची मान खाली गेली असती. पण तिला अर्धंच सांगून चालणार नव्हतं.

तिनं पांढरा बॉल हातात घेतला, टेबलावर हळूच सोडला आणि तो खिडकीकडं जाताना बघितला. डोळे पुसले. मग चक्क हसली. "नको. आता दोघींना माहीत आहे ना? मग सारखंच झालं."

सारखं कुठलं? मी त्या टेबलावर वाढले होते. म्हणून पुढचे तीन गेम मी घेतले. पण पोरगी हुशार, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागू नये अशी. चुकत चुकत ती टेबल शिकली. पाच-चार झालं, पाच-पाच झालं, सहा-सहा झालं. शेवटचा गेम. बाकीची टेबलं संपली होती, सगळे आमच्याभोवती गोळा झाले होते. नवरा नखं खात होता. मी आठपर्यंत सगळं घातलं, पण आठ घालताना पांढरा नको तिथं गेला. नऊचा बॉल कुशनला, टेबलाच्या कडेला, चिकटलेला, आणि मला कोन नव्हता. प्रयत्न केला. थोडक्यात हुकला.

आता नऊ तिच्यापुढं. सरळ रेषेत तो पॉकेटात जाणारच नव्हता, पॉकेटचा ओठ आडवा येत होता. सपाट टेबलावर कुणीही तो बॉल सोडून दिला असता. ती वाकली. बोटभर आतून, अगदी हळू मारला. बॉल निघाला, ओठाच्या बाहेरून चालला, चालला, आणि शेवटच्या वितीत खिडकीकडं वळून अलगद आत पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तसा बॉल मी स्वतः फार वेळा घातलेला नाही. मुलीनं येऊन मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "थँक यू, काकू." काकूच!

संध्याकाळी नवी यादी लागली. माझा नंबर सतरावा.

बक्षीस वाटपाला मामा नव्हते. कुणी म्हणालं जनरेटरकडं गेलेत, कुणी म्हणालं घरी गेलेत. पाहुण्यांना निरोप द्यायला ते परत आले, एकेकाला हात जोडले, प्रत्येकीच्या हातात मोसंबीची पिशवी दिली. पुण्याच्या मुलीला दोन दिल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याजवळ गेले नाही. राग धरून नव्हे. जवळ गेले की जॅकचा विषय निघाला असता. गाडीत बसल्यावर मला रडू आलं ते थांबेना. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली आणि रुमाल पुढं केला. तेवढं त्याला चांगलं जमतं.

मावशीचा फोन आला. "कितवा आला गं?" मी म्हटलं, "सतरावा." ती म्हणाली, "जाऊ दे. सोळा आन् सतरात काय फरक हाये?" बाई गं, काय सांगू तुला काय फरक आहे.

ऑफिस, घर, स्वयंपाक असे दिवस गेले. स्टिक कपाटाच्या वर टाकून दिली. पण सवय वाईट असते. एका रविवारी दुपारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि पाय हॉलकडं वळले. स्टिक बरोबर कशी आली म्हणाल, तर आली.

हॉल रिकामा होता. मामा खिडकीजवळ टेबलाचं कापड ब्रशनं साफ करत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. मी स्टिक जोडली, खडू लावला, बॉल मांडले. वाकणार, तेवढ्यात मामा टेबलाच्या त्या बाजूला येऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढं धरलेले, मोठ्या माणसापुढं उभं राहावं तसे.

"टेबल सांगतो, माय," ते म्हणाले. "सपाट हाये. पायाखाली सिमिट भरून पक्कं केलंय, आता कुणाला हालवता यायचं न्हाई. मला बी न्हाई. कुठंच ओढत न्हाई. सरळ मारायचं."

"मामा, मी काय पाहुणी हाये का?"

"सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "तवाच सांगायला पायजे व्हतं. दोन्ही टायमाला."

मी वाकले आणि बॉल मारला. इतक्या वर्षांचा हात, तो थोडाच ऐकतो! बॉल बोटभर आतून निघाला आणि बोटभर आतूनच गेला. पॉकेटच्या ओठाला लागून परत आला.

मामांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि परत पहिल्या जागी ठेवला.